जायचं नाही

चेंबरमध्ये मुलाला एकट्याला घेतात.
एकट्याला म्हणजे साहेब, मूल आणि मी.
लघुलेखक मोजण्यात येत नाही.

जळगावचा मे. कूलरचं पाणी बारालाच संपलेलं,
नुसतं पातं फिरतंय, गरम हवा
या फायलीवरून त्या फायलीवर लोटत.
बाहेर बाकाच्या डाव्या टोकाला अर्जदार,
उजव्या टोकाला सामनेवाली,
मध्ये दोन वकील, आणि केळी वेफर्सची एक पिशवी
जी अर्जदाराने आणलीय आणि घ्यायची कोणी ते ठरलेलं नाही.
मुलाला मागच्या जिन्याने आणतात,
कोणाची नजर पडू नये म्हणून.

लोकेश. वय नऊ. राहणार वरणगाव, हल्ली मुक्काम चोपडा.
आमच्या कागदावर 'अज्ञान'.
अठराच्या आतलं सगळं अज्ञानच असतं आमच्याकडे.

साहेब चांगले आहेत. खुर्ची सोडून त्याच्या शेजारी बसले.
शाळा विचारली. आवडती भाजी विचारली.
भरीत, म्हणाला, पण कांद्याची पात काढून.
मग विचारलं,
रविवारी पप्पांकडे जावंसं वाटतं का रे?

त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.
म्हणाला, हळू, घरच्या बोलीत:
'मी जावानं नही.'

साहेब नागपूरकडचे, माझ्याकडे बघायला लागले.
मी पारोळ्याचा. ऑफिसात अहिराणी काढत नाही,
आईच्या फोनपुरती ठेवलीय.
सांगितलं, त्याला जायचं नाही म्हणतो, सर.
आणि टाइप केलं:
मला वडिलांकडे जायचं नाही.

आता बघा,
'माले जावानं नही' म्हणाला असता
तर माझं बरोबर होतं.
तो 'मी' म्हणाला होता.
मी जायचं नाही.
विहिरीकडे जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही,
तसं.
इच्छेचं वाक्य नव्हतं ते, नियमाचं होतं.

नियम केला कोणी?
आईने म्हणावं, तर मला काय माहीत.
त्यानेच केला असेल,
एखाद्या रविवारी रात्री परत आल्यावर
तिला ओट्याशी पाठमोरी, गॅस न पेटवता
उभी बघून.

माझ्या बोटांना हे कळेपर्यंत
साहेब पुढच्या प्रश्नावर होते.
अजून काही सांगायचंय, बाळा?
त्याने फार वेळ लावला.
'मनी सायकलमा हवा शे का, इचारा ना.'

साहेब हसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला,
मला खूण केली: हे नको घ्यायला.
घेतलं नाही.
निरीक्षण आठ ओळींचं झालं.
मूल वयाच्या मानाने समंजस,
कोणाच्या दबावाखाली दिसत नाही,
इच्छा स्पष्ट.
'स्पष्ट' चुकून दोनदा पडलं होतं, एक खोडलं.
'मला' तसंच राहिलं.

साडेपाचला अर्जदार जिन्याशी उभा.
काय म्हणाला पोरगा?
नकलेचा अर्ज करा, म्हणालो, तळमजला, खिडकी दोन.
पिशवी अजून त्याच्या हातातच.
दोन पायऱ्या उतरलो, मग वळून,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीत,
आईशी बोलतो तसं म्हणालो:
सायकलमा हवा भरी ठेवा.

तो बघत राहिला.
'ती ते इकी टाकी. त्याले लहान पडी आते.'
मग, जरा थांबून,
'केवढा झाया, भाऊ?'
चौदा महिने झाले होते.

मी हात माझ्या शर्टाच्या चौथ्या बटनाशी धरला.
मग नीट आठवून,
बोटभर खाली घेतला.